युद्धात घर सांभाळणारी मुलं: तुम्ही विचारलेले प्रश्न आणि मला जमतील तशी उत्तरं

मी परळला एका मराठी शाळेत शिकवते, सहावी-सातवीचे वर्ग. गेली दोन-तीन वर्षं मुलं मोबाईलवर युद्धातल्या मुलांचे व्हिडिओ बघून येतात आणि वर्गात विचारतात, मग त्यांच्या आया मला गेटवर गाठून विचारतात, मग रात्री पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेच प्रश्न परत येतात, म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून ठेवावं. मी डॉक्टर नाही, मानसोपचारवाली पण नाही. पण या विषयावर हाताला लागेल ते वाचत आलेय, समुपदेशन करणाऱ्या मैत्रिणींना त्रास देऊन देऊन विचारलंय आणि रोज चाळीस मुलं समोर बसलेली असतात. कुठलाही प्रश्न आधी वाचा, क्रमाने वाचायची गरज नाही.

घर सांभाळणारी मुलं म्हणजे सैन्यात ओढलेली मुलं का?

नाही, तो वेगळा आणि फार भयंकर विषय आहे. त्यासाठी २००० साली संयुक्त राष्ट्रांनी बालहक्क कराराला वेगळा जोडकरार केला, तो १२ फेब्रुवारी २००२ पासून लागू झाला, आणि म्हणून दरवर्षी १२ फेब्रुवारीला जगभर मुलं कागदावर लाल रंगाचे हाताचे ठसे उमटवून पाठवतात.

मी बोलतेय ती मुलं बातमीत नावानिशी येत नाहीत. पाणी आणणारी, लाकडं गोळा करणारी, भाकरीच्या रांगेत सकाळपासून उभी राहणारी, लहान भावाला कडेवर घेऊन तंबूत बसणारी, रस्त्यावर काहीबाही विकून संध्याकाळी आईच्या हातात चार पैसे ठेवणारी. २०२४ च्या शेवटी युनिसेफने सांगितलं की जगातली ४७ कोटींपेक्षा जास्त मुलं युद्ध नाहीतर संघर्ष चालू असलेल्या भागात राहतात, म्हणजे सहातलं एक मूल. त्यातली सगळीच घर चालवत नसतील, पण कर्ता माणूस गेला किंवा त्याचं काम गेलं की घरातलं मोठं मूल पुढे होतं, हे कुठल्याही देशात सारखंच घडतं.

नेमकं काय काम करतात ही मुलं?

देशादेशावर आहे. गाझात ऑक्टोबर २०२३ पासून शाळा बंद पडल्या, सहा लाखांवर मुलांचं शिक्षण थांबलं, आणि ज्या वेळेला ती मुलं वर्गात असायला हवी होती त्या वेळेला ती पिवळे कॅन घेऊन टँकरच्या रांगेत दिसायला लागली. सिरियातून २०११ नंतर पळालेली कितीतरी कुटुंबं लेबनॉनच्या बेका खोऱ्यात तंबू टाकून राहिली, तिथली मुलं बटाट्याच्या शेतात वाकून वाकून बटाटे वेचतात, कारण मोठ्यांना कामाचा परवाना मिळणं अवघड आणि मुलांना मजुरी कमी द्यावी लागते. सुदानमध्ये १५ एप्रिल २०२३ ला युद्ध पेटलं, तिथून चाडमध्ये आलेल्या लोकांत बायका आणि मुलंच जास्त, मग रांगेत उभं राहणं, पाणी, सरपण हे सगळं आई आणि मोठं मूल वाटून घेतात.

काबूलमधली मुलं मला सगळ्यात जास्त लक्षात राहिली. तिथे त्यांना स्पंदी म्हणतात. पत्र्याच्या डब्याला भोकं पाडून, आत निखारे घालून, त्यावर इस्पंद नावाचं बी टाकतात, धूर झाला की सिग्नलला थांबलेल्या गाड्यांभोवती तो डबा फिरवायचा, दृष्ट काढायची, आणि काचेपाशी हात पुढे करायचा. आपल्याकडे संध्याकाळी दुकानादुकानातून लोबानचं भांडं फिरवत माणूस येतो ना, अगदी तसंच, फक्त ते करणारं पोर आठ-दहा वर्षांचं असतं आणि दिवसभर धूर त्याच्याच डोळ्यात जात असतो. स्वतःच्या घरावरून एवढं सगळं गेलेलं, आणि तो लोकांची दृष्ट काढत फिरतो.

आणि एक काम कोणी कामात धरतच नाही. परदेशात आसरा घेतलेल्या घरातली मुलं तिथली भाषा आधी शिकतात, मग आईबरोबर दवाखान्यात, सरकारी ऑफिसात, बँकेत दुभाष्या म्हणून तेच जातात. दहा वर्षांच्या मुलीला डॉक्टरचं बोलणं ऐकून आईला तिचाच आजार समजावून सांगायचा असतो. पाण्याचा कॅन निदान खाली तरी ठेवता येतो.

तो कॅन किती जड असतो? (हा प्रश्न माझ्या वर्गातल्या मुलीचा)

पाण्याचा कॅन नेणाऱ्या मुलाचा व्हिडिओ बघून तिने विचारलं, "बाई, तो मुलगा एवढा वाकडा का चालतो?" मी म्हटलं वीस लिटरचा असेल, म्हणजे वीस किलो आणि वर कॅनचं वजन. पण आकडा सांगून पोरांना काही कळत नाही, मग दुसऱ्या दिवशी शिपाईमामांकडून एक कॅन मागितला, मागच्या नळाला लावला आणि भरला. मी आधी उचलून बघितला, मग मुलांना म्हटलं दोघादोघांनी धरा, नळापासून गेटपर्यंत जायचं, दुखायला लागलं की लगेच ठेवायचा. अर्ध्या वाटेत तीन जोड्यांनी ठेवला. प्लास्टिकची मूठ बोटांच्या पेरात रुतते, हात सोडला की लाल पट्टा दिसतो, चप्पल पाण्याने ओली होते आणि घसरायला लागते, आणि कॅन मांडीवर आपटत राहतो म्हणून माणूस एका बाजूला झुकतो. वाकडं चालणं कशामुळे ते त्यांचं त्यांनाच कळलं.

नंतर वर्गात सगळे गप्प होते, आणि एरवी कधी तोंड न उघडणारा एक मुलगा म्हणाला, "बाई, घरी पोचल्यावर त्याच्या हातातून कोण घेतं?"

मी इतकी पुस्तकं वाचली, पण मुद्द्याचा प्रश्न त्यानेच विचारला. खाली बरंच काही लिहिलंय, ते सगळं फिरून याच प्रश्नाशी येतं.

ही मुलं इतकी खंबीर कशी? जन्मतःच तशी असतात का?

आधी मलाही तसंच वाटायचं. पण एमी वर्नर नावाच्या बाईंचं काम वाचलं आणि मत बदललं. त्या स्वतः जर्मनीत जन्मलेल्या, लहानपणी दुसरं महायुद्ध बघितलेल्या. त्यांनी हवाईच्या काऊई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा पाठपुरावा केला, तोही ती मुलं चाळिशीत पोचेपर्यंत. त्यातल्या बऱ्याच मुलांच्या घरी गरिबी, भांडणं, दारू, आजारपण, म्हणजे बिघडायला सगळी कारणं हजर. तरी अशा धोक्यातल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं नीट, मायेची, जबाबदार माणसं झाली. त्यांच्यात काय सारखं होतं? स्वभावाचा भाग होताच, पण एक गोष्ट सारखी सारखी सापडली, की प्रत्येकाच्या आयुष्यात निदान एक तरी मोठं माणूस होतं ज्याला या मुलाचं मनापासून पडलेलं होतं. आई-बाप असायलाच हवेत असं नाही. आजी, मावशी, शेजारीण, एखादी शिक्षिका, कोणीही.

ॲन मास्टेन म्हणून अमेरिकेतल्या अभ्यासक आहेत, त्या तर सरळ म्हणतात की ही जादू साधीसुधीच आहे, त्यात अलौकिक काही नाही. जेवण, झोप, शाळा, कोणीतरी आपलं माणूस, हे चालू राहिलं की मूल सावरतं. आणि ते तुटलं की कितीही चिवट मूल असो, ढासळतं.

दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा मुलांच्या मनाचा अभ्यास करणाऱ्या ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या दोघींनी हॅम्पस्टेडला लहान मुलांची पाळणाघरं चालवली. त्यांना दिसलं ते असं, की आईजवळ असलेली मुलं बॉम्बहल्ले बऱ्यापैकी सोसायची, आणि सुरक्षित जागी पण आईपासून लांब पाठवलेली मुलं जास्त कोमेजायची. आवाजापेक्षा माणूस नसणं जास्त लागतं.

कामामुळे मूल खचतं की उभं राहतं?

दोन्ही होतं, आणि कधी काय होतं हे समजून घेतलं पाहिजे, म्हणून जरा लांबण लावते.

स्टॅनली रॅकमन नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये एक कल्पना मांडली, गरज पडली म्हणून केलेली मदत. युद्धाच्या काळात ज्यांच्यावर दुसऱ्यांना मदत करायची जबाबदारी होती ती माणसं भीतीला कमी बळी पडली, काही तर आधीपेक्षा बरी झाली, असं त्यांनी मांडलं. मुलांच्या बाबतीत पण हे दिसतं. हाताला काम असलं, आणि त्या कामाचा घराला खरंच उपयोग होतोय हे दिसलं, की मुलाला आपण नुसतं घाबरून बसलेलं गाठोडं आहोत असं वाटत नाही.

आता माझ्या घरातल्या दोन गोष्टी सांगते. १९७१ च्या डिसेंबरमध्ये मुंबईत ब्लॅकआऊट असायचा. बाबा दहा वर्षांचे, लालबागच्या चाळीत. आजीने मैद्याची खळ शिजवायची, बाबांनी काळा कागद कापून द्यायचा आणि मोठ्या काकाने खिडकीला चिकटवायचा. आणि सायरन वाजला की बाबांचं एक खास काम होतं, आपल्या मजल्यावर कुणाच्या दारातून उजेड फटीने बाहेर येतोय का बघायचं आणि "काकू, दिवा!" म्हणून ओरडायचं. ते परत येईपर्यंत आजी दारात उभी. बाबांना आज विचारलं तर भीती आठवत नाही, खळीचा वास आठवतो, आणि सगळ्या काकू त्यांचं ऐकायच्या हे आठवतं.

दुसरी गोष्ट मामाची. ते काही युद्ध नव्हतं, पण गिरणगावात ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. आजोबा साचे खात्यात, म्हणजे मागावर होते. पगार थांबला, मग दागिने गेले, मग आजोबा बोलायचेच बंद झाले, आणि आठवीतला मामा पहाटे चारला भायखळ्याला जाऊन भाजी आणायला लागला, दिवसभर चाळीखाली बसून विकायची. शाळा सुटली ती सुटलीच. अख्खी चाळ म्हणायची केवढं समंजस पोर आहे. तो संध्याकाळी पैसे आणून फळीवरच्या डब्यात टाकायचा आणि कोपऱ्यात जाऊन झोपायचा, त्याच्याशी कोणी बोलायचं नाही, कारण घरात कोणाच्यातच तेवढं त्राण राहिलं नव्हतं. आज तो सत्तावन्न वर्षांचा आहे, धंदा बरा आहे, मुलं शिकली. पण त्याला कोणी समंजस म्हटलं की तो उठून गॅलरीत जातो.

काम दोघांनी केलं. बाबांचं काम लहान होतं, ठरलेल्या वेळेचं होतं, शाळा चालू होती, आणि परत आल्यावर दारात माणूस होतं. मामाच्या कामाला शेवटच नव्हता आणि त्याच्या हातातली पिशवी कोणी घेतली नाही.

मग हे बालमजुरीचं समर्थन नाही का होत?

अजिबात नाही, आणि कोणी तसा अर्थ काढला तर मला खूप वाईट वाटेल. मुलाला काम करावं लागतंय यात चूक मुलाची नाही, आईबापाची पण नाही, ज्यांनी युद्ध त्यांच्या दारात आणलं त्यांची आहे. आपण फक्त एवढंच मान्य करायचं की ते मूल जे करतंय ते प्रेमापोटी करतंय आणि त्यात त्याचा मान आहे. त्याला बिचारा म्हणून बघितलं तर तो मान जातो, आणि हिरो म्हणून फोटो फिरवला तर त्याचं ओझं दिसेनासं होतं.

कायदा स्पष्ट आहे. बालहक्क करार १९८९ चा, भारताने १९९२ मध्ये स्वीकारला, त्याच्या ३२ व्या कलमात मुलांना पिळून घेण्यापासून संरक्षण आहे, ३८ वं कलम युद्धातल्या मुलांचं आहे आणि ३९ वं म्हणतं की दुखावलेल्या मुलाला परत उभं करणं ही सरकारची जबाबदारी. आपल्याकडे २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवता येत नाही, शाळा सांभाळून घरच्या धंद्यात मदत किंवा बालकलाकार म्हणून काम एवढीच सूट आहे, आणि १४ ते १८ मधल्यांना धोक्याचं काम देता येत नाही.

मुलगी असेल तर वेगळं असतं का?

हो. मुलाचं काम रस्त्यावर दिसतं, मुलीचं तंबूच्या आत असतं, म्हणून मोजलं जात नाही. धुणं, स्वयंपाक, लहान भावंडं, आजारी आजी. आणि पैसे संपले की घरातलं एक खाणारं तोंड कमी करायचं म्हणून लवकर लग्न, जॉर्डनमधल्या सिरियन कुटुंबांत हे खूप वाढलं होतं. आईबाप दुष्ट असतात म्हणून नाही होत ते, बऱ्याचदा त्यांना वाटतं निदान नवऱ्याच्या घरी सुरक्षित राहील.

अफगाणिस्तानात तर सप्टेंबर २०२१ पासून मुलींची शाळा सहावीपुढे बंद आहे. मी सहावीला शिकवते. एप्रिलमध्ये निकालाची पत्रकं हातात देताना माझ्या वर्गातल्या मुली सातवीच्या पुस्तकांवर कव्हरं कुठली घालायची यावर भांडत असतात, तेव्हा दरवर्षी हे मनात येतं, तिथे हीच शेवटची इयत्ता.

मुलं हसताना, पतंग उडवताना दिसतात, म्हणजे बरी आहेत ना?

खेळणं चांगलंच आहे, ते हवंच. पण खेळतंय म्हणजे आत काही नाही असं धरू नका. घर सांभाळणारं मूल आईसमोर रडत नाही, कारण आई कोसळेल अशी त्याला भीती असते. अंथरूण ओलं होणं, सतत पोटात दुखणं, छोट्याशा आवाजाने दचकणं, नको तितकं शहाणं वागणं, हे बघा. शेवटचं सगळ्यात जास्त सुटतं नजरेतून, कारण शहाण्या मुलाबद्दल कोणी तक्रार करत नाही.

आशा आशा म्हणतात, ती दिसते कशी?

मला ती मोठ्या शब्दांत दिसलेली नाही. ज्याला पुढच्या आठवड्याचं काहीतरी ठरवावंसं वाटतं त्याच्याकडे ती असते. स्नायडर म्हणून एक मानसशास्त्रज्ञ होते, त्यांचं म्हणणं की आशेत तीन गोष्टी लागतात, कुठे जायचं ते ठाऊक असणं, तिथे जायच्या वाटा सुचणं आणि आपण जाऊ शकतो असं वाटणं. यातली वाट मोठ्यांनी दाखवावी लागते, ती मूल एकटं नाही शोधू शकत.

बोस्नियाची राजधानी सारायेव्हो, तिचा वेढा १९९२ च्या एप्रिलपासून १९९६ च्या फेब्रुवारीपर्यंत चालला, १४२५ दिवस. डोंगरावरून नेमबाज रस्त्यावर गोळ्या झाडायचे, त्यामुळे मुलांना शाळेपर्यंत पाठवणं शक्य नव्हतं. मग शिक्षकांनी इमारतींच्या जिन्यात आणि तळघरात शाळा भरवल्या. चाळीत वाढलेल्या माणसाला हे लगेच डोळ्यासमोर येईल, जिन्याच्या पायऱ्यांवर ओळीने बसलेली मुलं, वरच्या पायरीवर बाई. तीच मुलं शाळा सुटली की गाड्यावर डबे घालून शहरातल्या बिअरच्या कारखान्यातल्या झऱ्यावर पाण्याला जायची. पाणी आणायचं होतंच, पण गृहपाठ पण होता.

युक्रेनच्या खारकिव्हमध्ये सप्टेंबर २०२३ पासून मेट्रोच्या स्टेशनात वर्ग भरतात, २०२४ च्या मे महिन्यात तर जमिनीखाली बांधलेली एक पूर्ण शाळाच सुरू झाली. आणि आपल्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, पाचेक हजार लोक, बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत फौजांनी त्यांना घरातून उचलून सैबेरियाकडे नेलेलं, तिथून सुटून इराणमार्गे ती इथपर्यंत आली. वाटेत कितीतरी मुलांनी आई-बाप गमावले आणि धाकट्या भावंडांची आई तीच झाली. वळिवड्यात त्यांच्यासाठी पोलिश शाळा होत्या, चर्च होतं, स्काऊट होतं, नाटकं बसायची. मला नेहमी वाटतं की भाकरी दिली असती आणि शाळा दिली नसती तर ती मुलं जगली असती, पण कशासाठी जगायचं ते त्यांना कोणी सांगितलं नसतं.

मुंबईत बसून आपला याच्याशी काय संबंध?

दर १४ एप्रिलला अग्निशमन सप्ताह सुरू होतो, शाळेत फायर ब्रिगेडचे जवान येतात, मुलांना फार आवडतं. पण तो दिवस कुठून आला हे बऱ्याच पालकांना माहीत नसतं. १४ एप्रिल १९४४, महायुद्ध चालू होतं, व्हिक्टोरिया डॉकमध्ये दारूगोळा आणि कापूस भरलेलं फोर्ट स्टिकिन नावाचं जहाज फुटलं, शेकडो माणसं गेली, हजारो बेघर झाली. आणि ७ मे २०२५ ला मॉक ड्रिलचे भोंगे वाजले तेव्हा आपली मुलं किती घाबरली होती आठवतंय ना? त्याच आठवड्यात पूंछमध्ये खरे तोफगोळे पडत होते. फार लांबचं नाहीये हे.

माझी मुलगी असे व्हिडिओ बघून रात्री झोपत नाही, काय करू?

आधी मोबाईल काढून घेऊन गप्प बस म्हणू नका, तिला वाटेल विचारणंच चूक होतं. जवळ बसवा आणि तिने काय बघितलं ते तिलाच सांगू द्या, कारण आपल्याला वाटतं एक आणि तिच्या डोक्यात बसलेलं असतं भलतंच. खोटं बोलू नका, पण जेवढं विचारलंय तेवढंच सांगा. तिथे डॉक्टर आहेत, शिक्षक आहेत, शेजारी एकमेकांना जेवण देतात, हे पण सांगा, कारण व्हिडिओत ते येत नाही. आपण इथे सुरक्षित आहोत हे एकदा नीट शब्दात सांगा. झोपायच्या आधी दोन तास बातम्या नकोत, तुमच्या फोनवर पण नकोत, ती बाजूला झोपलेली असते आणि तुम्ही आवाज बंद करून बघत असता, तरी तिला उजेडात तुमचा चेहरा दिसतो. आणि तिला काहीतरी करायला द्या. दोन आठवड्यांनंतरही झोप, जेवण, शाळा बिघडलेलंच असेल तर १४४१६ वर टेलिमानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाईनला फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

मदत करायची तर कशाला?

माझं मत विचाराल तर खेळणी आणि जुने कपडे गोळा करण्यापेक्षा पैसे, आणि तेही मुलाच्या घरापर्यंत रोख पोचेल अशा कामाला. कारण मूल कामाला का जातं तर घरात पैसे नाहीत म्हणून. जॉर्डनमध्ये युनिसेफने २०१७ पासून गरजू घरांना मुलं शाळेत राहावीत म्हणून दर महिन्याला थोडी रोख मदत द्यायला सुरुवात केली. नुसतं शाळेत या म्हणून चालत नाही, त्या मुलाची दिवसाची कमाई कोणीतरी भरून द्यावी लागते. पैसे देण्याआधी संस्थेची नोंदणी आणि पावती मिळते का ते बघा, व्हॉट्सॲपवर आलेल्या नुसत्या क्यूआर कोडवर पाठवू नका.

इथे मुंबईतच एखादं मूल घर ओढताना दिसलं तर?

१०९८. मुलांसाठीची ही हेल्पलाईन १९९६ मध्ये मुंबईतच सुरू झाली, टाटा इन्स्टिट्यूटच्या कामातून, मग देशभर गेली. पण त्याआधी मुलाशी बोला. जागतिक आरोग्य संघटनेने मानसिक प्रथमोपचाराचे तीन शब्द दिलेत, बघा, ऐका, जोडून द्या. त्यातलं मधलं आपण गाळतो आणि सरळ सल्ला द्यायला लागतो. तुझं नाव काय, आज जेवलास का, घरी कोण कोण आहे, एवढं विचारलं तरी पुष्कळ.

ही मुलं मोठी झाल्यावर काय होतं?

सिएरा लिओनमध्ये युद्ध २००२ मध्ये संपलं, तेव्हापासून थेरेसा बेटनकोर्ट नावाच्या अभ्यासक आणि त्यांची टीम तिथल्या युद्धात सापडलेल्या, बरीचशी सैन्यात ओढल्या गेलेल्या मुलांना भेटत राहिलीय, ती मुलं आता स्वतः आईबाप झालीत. त्यांना दिसलं की युद्धात काय सोसलं यावर जेवढं ठरतं तेवढंच परत आल्यावर गावाने कसं घेतलं यावर ठरतं. ज्यांना घरच्यांनी, शेजाऱ्यांनी जवळ केलं, शाळेत बसवलं, ती सावरली. ज्यांना टोमणे मिळाले त्यांचं दुखणं वाढत गेलं.

सारायेव्होत २०१७ मध्ये युद्धातल्या बालपणाचं संग्रहालय उघडलं. तोफा-बंदुका नाहीत तिथे. त्या वेळी जी मुलं होती त्यांनी जपून ठेवलेल्या साध्या साध्या वस्तू आहेत, आणि प्रत्येक वस्तूपाशी तिच्या मालकाच्या शब्दात चार ओळी. मी हे मामाला सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "माझा तराजू आहे अजून, माळ्यावर." चाळीस वर्षांत मला माहीत नव्हतं. रविवारी मी आणि माझ्या मुलाने तो खाली काढला, एक पारडं चेपलेलं आहे, आणि मामा त्याला पाव किलो कसं तोलायचं ते शिकवत बसला.

आमच्या मुलांनी त्या मुलांना चिठ्ठ्या लिहिल्यात, कुठे पाठवू?

प्रामाणिकपणे सांगायचं तर बहुतेक ठिकाणी टपाल पोचत नाही. तरी लिहू द्या आणि फेकू नका. आम्ही वर्गाच्या मागच्या भिंतीवर दोरी बांधून चिमट्यांनी लावल्यात, एखादी संस्था नेणारी भेटली तर देऊ. लिहायला बसवताना मी एकच सांगितलं होतं, तू किती शूर आहेस असं लिहायचं नाही, त्याला काहीतरी विचारायचं, जसं नव्या मित्राला विचारतो. कुणी आवडतं गाणं विचारलं, कुणी गोलकीपर कोण होतो विचारलं. "हातातून कोण घेतं" विचारणाऱ्या मुलाची चिठ्ठी दोनच ओळींची आहे. "तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं? आमच्याकडे साडेपाच ते सात, मी आईच्या आधी उठतो."